अर्ध्या किमतीचा कोट

एका मोठ्या शहरापासून दिवसभराच्या अंतरावर असलेल्या गावात जनार्दनपंत नावाचे एक कारकून राहत असत. त्यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती: कोणत्याही वस्तूला दुकानदाराने सांगितलेला भाव त्यांनी आजवर दिला नव्हता. यामागे त्यांचा एक सिद्धांत होता. दुकानदार जे काही बोलतो ते किंमत वाढवण्यासाठीच बोलतो. म्हणून त्याचे वाक्य पूर्ण होऊ देऊ नये. हा सिद्धांत दुकानात यशस्वी ठरल्यामुळे पंतांनी तो घरीही लागू केला होता.

पुढे त्यांच्या भाचीचे, हेमलतेचे, लग्न ठरले. वरपक्ष शहरातला होता. पंतांची बहीण जरा संकोचानेच म्हणाली, "दादा, मंगलाष्टकांच्या वेळी हेमाच्या मागे मामा म्हणून तू उभा राहणार. चार लोक बघतील. एखादा बरा कोट तेवढा घे."

पंतांच्या पत्नी कुमुदताई म्हणाल्या, "आपला शिंपी पंधरा दिवसांत—"

"शिंपी नको," पंत म्हणाले. "शहरात कपड्यांचे ढीग पडलेले असतात. जिथे माल जास्त, तिथे भाव पडतोच. कसा आणतो बघ."

आणि गाडीत बसण्यापूर्वी त्यांनी भेटेल त्याला सांगून टाकले की, आपण शहराला नमवायला निघालो आहोत.

शहरात कपडे खरोखरच अमाप होते. ते कोणासाठी होते, एवढेच पंतांना कळेना. पहिल्या दुकानाच्या दारावरचा माणूस इतका झकपक कोट घालून उभा होता की, पंतांनी त्यालाच मालक समजून भाव विचारला. त्याने मुकाट्याने आत बोट दाखवले. आत गारवा होता, शांतता होती, आणि प्रत्येक कोटाच्या बाहीला किमतीची चिठ्ठी लटकत होती. पंतांनी ती वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. त्यांच्या पगारात त्या कोटाची एक बाही आली असती, तीही अस्तराशिवाय.

"कमी करा," पंत म्हणाले.

"साहेब, आमच्याकडे एकच भाव असतो," विक्रेता अदबीने म्हणाला.

ज्या दुकानात गिऱ्हाइकाला भांडण्याची सोय नाही ते दुकान कसले, असे पुटपुटत पंत बाहेर पडले. दुसऱ्या दुकानात भांडता येत होते. पण तिथला कोट पोटावर मिटेना. "सध्या अशीच फॅशन आहे," दुकानदार म्हणाला. "असेल, पण माझं पोट जुन्या फॅशनचं आहे," पंत उत्तरले. तिसऱ्या दुकानात एका कोटाची किंमत अगदी आवाक्यातली निघाली. पंतांना उचंबळून आले. तो कोट बारशाच्या मुलासाठी होता.

दिवस कलला तेव्हा ते जुन्या बाजारात पोचले. तिथे कुलुपांवाचून किल्ल्या, काट्यांवाचून घड्याळे आणि जोडीदार हरवलेले बूट विकायला मांडलेले होते. एका कोपऱ्यात एक म्हातारा, बंद पडलेल्या कुठल्याशा फोटो स्टुडिओचे सामान घेऊन बसला होता. तळे आणि हंस रंगवलेला एक पडदा होता, आणि त्या हंसांच्या पुढ्यात, खुंटीवर, एक काळाभोर कोट डौलात लटकत होता. रेशमी कॉलर, पितळी बटणे, छातीच्या खिशात घडी घातलेला रुमाल. पंत जागच्या जागी थबकले.

"हा केवढ्याला?"

"साहेब, हा स्टुडिओतला कोट आहे. याचं काय असतं, की याला मागून—"

"पुराण नको. भाव सांगा."

म्हाताऱ्याने भाव सांगितला.

"निम्म्यात द्या."

म्हातारा विचारात पडला. मग मान डोलावून म्हणाला, "निम्मा? तसं बघितलं तर निम्माच भाव रास्त आहे. पण साहेब, एकदा मागच्या बाजूनं—"

"मागेपुढे काही नाही. निम्मा म्हणजे निम्मा!"

म्हाताऱ्याने कोट समोरून त्यांच्या हातांत चढवला, मानेमागे एक नाडी बांधली आणि आरसा धरला. आरशात पंत दिवाणासारखे दिसत होते. पाठीला गार वारा लागला. उन्हाळ्याचा विचार करून शिवलेला दिसतो, असे मनाशी म्हणून त्यांनी पैसे दिले. म्हातारा अजूनही काही सांगू पाहत होता. पण पंतांनी पुडके बांधून घेतले आणि परतीची गाडी गाठली. लग्नाच्या दिवसापर्यंत ते त्यांनी कोणाला उघडूही दिले नाही.

लग्नाच्या सकाळी, कार्यालयाच्या एका खोलीत, कुमुदताईंनी तो कोट उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "अहो, याला पाठ कुठे आहे?"

पाठ नव्हती. फोटोत माणसाची पुढचीच बाजू येते. म्हणून लठ्ठ, रोड, सगळ्या गिऱ्हाइकांना बसावा असा तो कोट मुळातच पाठीवाचून केलेला होता. मागे नुसत्या नाड्या होत्या.

"काही बिघडत नाही," कुमुदताई म्हणाल्या. "आतला सदरा कालच धुऊन इस्त्री केलाय. कोट ठेवा बाजूला, आणि वन्संना सरळ सांगा, की—"

"काय सांगू? की जनार्दन फसला? मी कोणाला पाठ दाखवणारच नाही, म्हणजे झालं!"

त्यांनी नाड्या बांधून घेतल्या, खेकड्यासारखे आडव्या पावलांनी मांडवात प्रवेश केला आणि एका बाजूच्या भिंतीकडे पाठ करून ते खांबासारखे उभे राहिले. समोरून ते फारच रुबाबदार दिसत होते. पाठीला झुळूक लागत होती. पण कोटाला पाठच नसल्यामुळे त्यांना तिचे नवल वाटले नाही.

मुलाचे वडील लगबगीने आले. "मामासाहेब, बसा ना. आणि तुमच्या पाठीमागं—"

"पाठच धरलीय. वैद्यांनी उभं राहायला सांगितलंय."

हे ऐकून वरपक्षाकडची एक आत्या तेलाची बाटली घेऊन धावून आली. "वळा बघू. चोळून देते. आमच्या ह्यांची पाठ मीच—"

"वळायचं नाही!" पंत इतक्या जोरात ओरडले की सनई क्षणभर थांबली.

मग कुमुदताई आल्या. "अहो, ऐका तरी. तिथे मागे ती—"

"तू हळू बोल आधी!"

इतक्यात भटजींनी पुकारले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे!"

अंतरपाट धरला गेला. नवरा मुलगा हार घेऊन उभा राहिला. पंत हलले नाहीत. भटजींनी घड्याळाकडे पाहून पुन्हा पुकारले. बहिणीच्या डोळ्यांत पाणी तरळले; दादा रुसला की काय, हे तिला कळेना. मुहूर्त टळण्याची वेळ आली. पंतांना ते दिसत होते, पाय उचलायची इच्छाही होती. पण बोहल्यावर उभे राहायचे म्हणजे भरल्या मांडवाकडे पाठ करायची.

अखेर पिवळी अष्टपुत्री नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली हेमलता स्वतःच खोलीतून निघून त्यांच्यासमोर आली.

"मामा, चला."

"हेमा, मुहूर्त पुढचा काढायला सांग. माझी पाठ—"

"मामा," हेमलता म्हणाली, "आज लग्न माझं आहे. आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार. तुमच्या मागे खिडकी आहे."

पंतांनी मान वळवली. मागे भली मोठी उघडी खिडकी होती. खिडकीपलीकडे आचाऱ्यांचे अंगण होते. तिथे झारा घेतलेला आचारी, लाटणी घेतलेल्या बायका, वाजंत्रीवाले आणि एकमेकांच्या खांद्यांवर चढलेली मुले अशी दाटी झाली होती. कोणीतरी मागून विनवले, "मामा, जरा थांबा हो, आम्हाला अजून नीट दिसलं नाही!"

पंतांनी डोळे मिटले आणि ते म्हणाले, "नाड्या सोड, हेमा."

कोट समोर गळून पडला. इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात पंतांनी भाचीचा हात धरला आणि मुहूर्ताला तिला बोहल्यावर उभे केले. सगळ्या मांडवाने त्यांची पाठ पाहिली. सदऱ्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही, कारण सदऱ्याला पाठ होती.

जेवणाच्या पंगतीत मुलाच्या वडिलांनी विचारले, "मामासाहेब, तो कोट कुठला हो?"

पंत तोंड उघडणार, तोच कुमुदताई सांगू लागल्या. त्यांनी अगदी सुरुवातीपासून सांगितले, शिंप्यापासून. पंगत हसून लोटपोट झाली. पंतांचा घास दोनदा हातात थांबला, पण ते मध्ये बोलले नाहीत. आपली पत्नी इतके छान बोलते, हे त्यांना त्या दिवशी प्रथमच कळले.

तात्पर्य: जो दुसऱ्याचे वाक्य पूर्ण होऊ देत नाही, त्याला फसवण्याचे कष्ट कोणालाच घ्यावे लागत नाहीत.