मानेची हद्द

त्या मुलखात प्रत्येक जनावराचे दोन भाग मानले जात: मानेवरचा आणि मानेखालचा. मानेवर जे काही दुखेल-खुपेल ते डोंगरमाथ्यावरच्या घुबडवैद्याकडे जाई आणि मानेखालचं सगळं डोहाकाठच्या पाणमांजर वैद्यीणबाईंकडे. फार पूर्वी एका हरणावरून दोन वैद्यांचं भांडण झालं होतं म्हणे. तेव्हा पंचांनी ही हद्द घालून दिली, म्हणजे दोघांचाही मान राहील. खुद्द मान कोणाची, हे ठरवायचं मात्र राहून गेलं. तशी कोणाला गरजही पडली नव्हती, कारण अवघड जागी दुखलं की त्या मुलखातली जनावरं मान खाली घालून गप्प बसत.

दोघंही वैद्य चांगले होते, हे आधीच सांगितलेलं बरं. शिवाय त्या दोघांखेरीज मुलखात वैद्यच नव्हता. बाहेरून एखादा नवा येई, चार दिवस राही, हवा मानवत नाही म्हणून निघून जाई. त्यातून घुबडाकडे जाताना कोणी पाहिलं, की दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर डोकं फिरल्याची कुजबुज सुरू होई. त्यामुळे माथ्यावर जाणारी जनावरं मध आणायला चाललोय असं सांगत. मधाच्या पोळ्याशी ज्यांचा सात जन्मांत संबंध नव्हता, ते ससेसुद्धा हेच सांगत.

झिपरी नावाच्या अस्वलिणीचा मधाशी खरोखरचा संबंध होता, आणि तोच तिला भोवला. पोळं काढताना एक माशी तिच्या कानात शिरली, ती पुन्हा बाहेर आलीच नाही. साऱ्यांनी कानात डोकावून पाहिलं. काही दिसलं नाही. थोरली जाऊ म्हणाली की काम नसलं म्हणजे कान वाजतात. माशी गुणगुणत राहिली आणि हळूहळू त्या गुणगुणीला शब्द फुटले. तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही, असं ती दिवसभर म्हणे.

मग एकदा मोहाच्या झाडाखाली, खडकाच्या खळग्यात साचून आंबलेली फुलं झिपरीनं भुकेपोटी खाल्ली आणि माशी गप्प झाली. बाकीची जनावरं मोह खात ती चवीसाठी, सणासुदीला. झिपरी खाऊ लागली ती त्या गप्प बसण्यासाठी. पण कैफ उतरला की माशी परते, आणि येताना आणखी दोन-चार जणींना घेऊन आल्यासारखी वाजे. मग खळग्याकडे पुन्हा जावंच लागे.

अस्वलाचं पिलू आईच्या पाठीवर बसून जग बघतं. झिपरीची लेक बोंडी तशीच पाठीवरचे केस धरून हिंडायची. एका सकाळी ओढा ओलांडताना झिपरीचा तोल गेला आणि बोंडी पाण्यात पडली. जावेनं उडी घेऊन तिला काढलं, म्हणून वाचली. पंच बसले. पंचांतल्या म्हाताऱ्या रोह्यानं, म्हणजे नीलगाईच्या नरानं, निवाडा दिला: दोन्ही वैद्य झिपरीला बरी म्हणेपर्यंत पिलू जावेकडे राहील. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. झिपरीला स्वतःचीच इतकी लाज वाटत होती, की तिनं मान हलवून होकार दिला.

पण पिलू फार काळ पाठीवर बसत नाही. अंग भरलं की ते आपलं आपण चालू लागतं, आणि तेव्हा ज्याच्या मागे चालायला लागतं त्यालाच आई समजतं. झिपरीला तेवढीच मुदत होती.

ती आधी डोहावर गेली. मोह तोंडातून पोटात जातो, म्हणजे तो मानेखालचा. पाणमांजरबाईंनी तिला गार पाण्यात बसवलं, कडू मुळ्या उगाळून पाजल्या. इलाज खराच गुणाचा होता. कैफ पार उतरला, आणि त्या शांत पाण्यात माशी अशी वाजू लागली, की झिपरी किंचाळत डोहातून पळाली. परत आली तेव्हा बाई रागावल्या नाहीत. त्यांनी समजावलं, की ज्यांच्या डोक्यात गुणगुण असते ते पाण्यात टिकत नाहीत. तेव्हा आधी माथ्यावर जाऊन कान बरा करून घ्यावा.

माथा चढायला झिपरीला सकाळपासून संध्याकाळ लागली. वाटेत माशीनं सोबत सोडली नाही, आणि वाटेतच मोहाचं झाड होतं. तिन्हीसांजेला घुबडवैद्यानं तिच्या कानाला कान लावला, एक श्वास घेतला आणि मान फिरवली. मोह खाल्लेला कान खोटं बोलतो, असं त्याचं म्हणणं होतं. तेही खोटं नव्हतं. आधी खाली जाऊन मोह सोडून यावं, मग तो हवा तितका वेळ ऐकेल.

झिपरी खाली गेली. खालून वर आली. पुन्हा खाली गेली. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो निदान कुठल्यातरी घराच्या ओसरीवर टेकतो. झिपरीला उतारावरच बसावं लागे. तिथं तिच्यासारखी आणखीही जनावरं होती. कोणी वर निघालेलं, कोणी खाली, आणि बरीचशी अशी, की आपण कुठं निघालो होतो हे विसरलेली. एकमेकांकडे ती बघत नसत. वाट मात्र सगळ्यांच्या पायांनी छान रुळली होती, आणि पंचांना त्या वाटेचा अभिमान वाटे. इतकी जनावरं उपचाराला जातात, असं ते पाहुण्यांना सांगत.

खाली जावेच्या अंगणात बोंडी वाढत होती. झिपरी झुडपाआडून बघे. पिलाचे पाय लांब झाले होते. एका दुपारी बोंडी जावेच्या मागे चार पावलं चालली. माशी म्हणाली, बघ, मी सांगत होते.

त्या दिवशी झिपरी झाडाकडे गेली नाही. ती पंचांसमोर जाऊन उभी राहिली.

"मले दोन्ही एकाच वखती होते, बुवा," ती म्हणाली. "कान वाजते तवा तोंड मोहाकडं जाते, अन् मोह उतरला का कान वाजते. यातलं पयलं कोनतं, ते मले नाय समजत. दोघायले एकदा संग बसवा. पोरगी पुरी चालाच्या आधी बसवा."

असं कधी झालं नव्हतं. पण रोह्याला दया आली, आणि दोन्ही वैद्यही भले होते. उताराच्या बरोबर मध्यावर दोघं आले. घुबडवैद्य फांदीवर बसला, पाणमांजरबाई खाली दगडावर. झिपरीला मध्ये उभं केलं. मुलूख बघायला लोटला. जाऊही बोंडीला घेऊन आली.

दोघांनी काम सुरू केलं आणि लगेच थांबवलं. बाईंनी गळा चाचपताना बोट जबड्याला लागलं, तेव्हा घुबडानं घसा खाकरला. तो कानामागून खाली आला, तेव्हा बाईंनी विनयानं विचारलं, की आपण कुठवर येणार आहात? नक्की मान कुठं सुरू होते आणि कुठं संपते, हे आधी ठरवलेलं बरं, असं दोघांचं एकमत झालं. राखेची रेघ ओढायचं ठरलं. पण झिपरीच्या दाट केसांत मान कुठली आणि खांदा कुठला, हेच कळेना. बारकाईनं बघणं सुरू झालं. झिपरी हलली नाही. कानात माशी होती, जिभेला मोह हवा होता, आणि ती पाय रोवून उभी होती.

तेवढ्यात जावेच्या हातून बोंडी निसटली. धावत आली, आईच्या अंगावर चढली आणि मानेला चारी पायांनी मिठी मारून बसली.

"पिलू बाजूला घ्या," घुबडवैद्य म्हणाला. "हद्द दिसत नाही."

पाणमांजरबाईंनी मान डोलावली. रोह्यानं खूण केली. जाऊ पुढं आली.

"चाल बाई, उतर. तुह्या मायले बरं करून राह्यले ते."

बोंडी उतरेना. जावेनं तिला कमरेला धरलं आणि ओढलं. पिलाच्या मुठी सुटल्या नाहीत. जावेनं जोर लावला, तशी मान आली. मानेबरोबर डोकं आलं, डोक्याबरोबर धडही आलं, आणि राखेची चिमूट बोटांत धरलेल्या दोन वैद्यांमधून अख्खी झिपरी जागची हलली.