वाड्यावर सोडलेले पाणी

एका राज्यात डोंगराच्या माथ्यावर राजवाडा होता आणि पायथ्याशी झरा होता. झऱ्यात शेवाळी नावाची यक्षीण राहत असे. हजार वर्षे एकटी आणि सुखात. झरा यक्षिणीचा, म्हणून त्याचे पाणी डोंगर चढून जाई. त्याचे कोणाला नवल नव्हते. नवल एवढेच, की राजा मेघवर्म्याच्या आधी ते पाणी नळाने वाड्यात न्यावे असे कोणाला सुचले नव्हते.

नळ घातले दाजिबा तांबटाने. बेचाळीस तोट्या, आणि प्रत्येक सांध्याला स्वतःच्या हाताने डाख. काम असे चोख, की सांध्यावरून नख फिरवले तरी अडकू नये. झऱ्याची पूजा झाली, नगारे वाजले, राजाने चार शब्द बोलून पाणी सुरू केले. लोक लाडू खाऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राणी हंसावतीने न्हाणीघरातली तोटी फिरवली. ताक आले.

राजाने फर्मावले, "तांबटाला आणा!"

शिपाई धावले आणि बागेतल्या उंबरावरचा तांबट पक्षी पिंजऱ्यात घालून घेऊन आले. पक्षी म्हणाला, "महाराज, मी ठोकतो ते झाडात. नळ ठोकणारा तांबट खालच्या आळीत राहतो." मग त्याला सोडून दिले आणि दाजिबाला आणले. पक्षी मात्र खिडकीतच बसून राहिला. अशी करमणूक उंबरावर कुठे?

दाजिबाने तोटी उघडली, पाहिली, पुसली. "महाराज, तोटी निर्दोष आहे."

"मग ताक कुठून येते?"

"तेच कळत नाही, महाराज. घट्टही आहे. पाणचट नाही."

राजाच्या भुवया जुळल्या. "आज, उद्या आणि परवा. परवा सूर्य मावळायच्या आत वाडा थाऱ्यावर आला नाही, तर तुझी भट्टी विझवू आणि तुला राज्याबाहेर काढू."

ती भट्टी दाजिबाच्या आज्याने पेटवलेली. विझली म्हणजे घराण्याचे नावच विझले.

पहिल्या दिवशी त्याने न्हाणीघराची तोटी काढून तिथे बूच ठोकले. ताक थांबले. त्याच घटकेला दरबारात सिंहासनाच्या दोन्ही सिंहांच्या तोंडांतून कढत पाणी सुरू झाले, आणि प्रधानजी पगडी सावरीत मेजावर चढले.

दुसऱ्या दिवशी दाजिबाने सिंहांची तोंडे लाखेने बंद केली. तर राजपुरोहितांचा शंख गुळण्या करू लागला. पुरोहित फुंकायला जात आणि शंख त्यांच्याच तोंडावर चूळ टाकी.

तेव्हा राजा म्हणाला, "दे तो हातोडा. आम्हीच बघतो. त्यात काय आहे एवढे?"

घराघरांतून आजवर जेवढे नळ फुटले, त्यांतले निम्मे याच वाक्याने फुटले असतील. दाजिबा 'तिथे नको, महाराज' म्हणेपर्यंत घाव बसला होता. माजघराच्या छतातून पाऊस लागला, तोही फक्त राजावर. राजा ओसरीवर गेला, पाऊस ओसरीवर गेला. राजा पलंगाखाली शिरला, पाऊस पलंगाखाली पडू लागला.

राणी म्हणाली, "चला, एकाची तरी आंघोळ झाली."

तिसऱ्या दिवशी पाणी जिना चढत होते. खालून वर, एकेक पायरी, पाहुण्यासारखे. दाजिबा पायरीवर बसला होता. पकड एकीकडे, हातोडा दुसरीकडे, डोके गुडघ्यात. आपले कुठे चुकले ते त्याला उमगेना. नळाची चूक असती तर ती हाताला लागली असती. इथे एक भोक बुजवावे तर दुसरे हसत उघडत होते.

"टुक टुक," खिडकीतून आवाज आला. "खरे कारण मला ठाऊक आहे."

दाजिबाने मान वर केली. "पाखरा, तूही तांबट, मीही तांबट. थट्टा करू नकोस. ठाऊक होते तर तीन दिवस गप्प का?"

"मला कोणी विचारले? पिंजऱ्यात घातले, पण विचारले नाही. पूजेच्या दिवशी मी झऱ्यावरच्या फांदीवर होतो. राजाने ओंजळीत पाणी घेतले, झऱ्यात सोडले आणि मोठ्याने म्हणाला, 'आजपासून आम्ही आमच्या वाड्यावर पाणी सोडले!'"

"मग? वाडा वर आहे, तिथे पाणी सोडले. बरोबरच बोलले."

"यक्षिणीला तुमच्या तोट्या काय ठाऊक? ओंजळीत पाणी घेऊन दाता म्हणतो, 'अमक्यावर पाणी सोडले'; म्हणजे काय होते?"

दाजिबा ताडकन उठला. म्हणजे दान होते! हक्क संपतो!

"झऱ्यातून 'स्वीकारले' असा आवाज आला," पक्षी म्हणाला. "नगाऱ्यांत कोणाला ऐकू गेला नाही. वाडा मालकाचे ऐकतो, दाजिबा. मालकीण खाली झऱ्यात, म्हणून तो मोकाट. तुम्ही त्याचे कोण?"

दाजिबा डोंगर उतरला तो धावतच. झऱ्याशी हात जोडून म्हणाला, "बाईसाहेब, वाडा आपला. मग तक्रारीही आपल्याच. कृपा करून वर चलावे."

शेवाळी हिरवे केस बाजूला सारीत पाण्याबाहेर आली. "तक्रार म्हणजे काय?"

"चला. कळेलच."

तिने वाड्यात पाऊल टाकले, 'थांब' म्हणाली, आणि सिंह, शंख, जिना, सगळे थांबले. राजावरचा पाऊसही ओसरला. यक्षीण खूश झाली. तेवढ्यात दाजिबाने राणीच्या कानात दोन शब्द सांगितले. राणी मोठी चतुर.

"मालकीणबाई," ती पुढे झाली, "न्हाणीघरात ऊन पाणी हवे. नको, इतके ऊन नको. अहो, आता गारच झाले!"

"मालकीणबाई," आचारी ओरडला, "भांडी घासायची राहिली. धार मोठी करा. सगळ्या तोट्यांची नको हो!"

"मालकीणबाई, संध्येला पाणी!" "मालकीणबाई, मोरी तुंबली!" "मालकीणबाई, प्रधानजींची पगडी मोरीत गेली, तिच्यामुळेच तुंबली!"

वाडा मालकाशिवाय कोणाचे ऐकेना, म्हणून बेचाळीस तोट्यांपाशी यक्षिणीलाच धावावे लागे. मोरीत हात घालून तिने पगडी ओढून काढली तेव्हा तिच्या केसांत भाताची शिते होती. हजार वर्षे तिला कोणी हाकसुद्धा मारली नव्हती.

"कसे राहता तुम्ही असल्या घरात?" ती किंचाळली. दाजिबा तिला शांत करायला हात पुढे करून गेला. तिने ओंजळ भरली आणि समोर दिसलेल्या त्या तळहातावर पाणी ओतले. "घे! या वाड्यावर मी पाणी सोडले!" आणि धार होऊन ती डोंगर उतरून गेली.

दाजिबा आपल्या ओल्या हाताकडे पाहत राहिला. सगळे त्याच्याकडे वळले.

"मालक," आचारी म्हणाला, "तेवढी भांड्यांची धार."

सूर्य क्षितिजाला टेकला होता. दाजिबाने भोवती पाहिले. एवढा वाडा! सोन्याचे कळस, चंदनी दारे... आणि बेचाळीस तोट्या. त्याने हाताशी असलेल्या तांब्यातून ओंजळ भरली आणि राजासमोर उभा राहिला.

"महाराज, हात पुढे करावा."

राजाने दोन्ही हात पाठीमागे नेले. "घाई काय आहे? तू कसबी माणूस. तुझ्याकडे राहिला तर..."

"इकडे आणा तो हात!" राणीने त्याचे मनगट धरून पुढे ओढले. दाजिबा म्हणाला, "या वाड्यावर मी पाणी सोडले," आणि शेवटचा थेंब राजाच्या तळहातावर पडला तेव्हा सूर्य मावळला.

राजा घसा खाकरून तोट्यांना म्हणाला, "बंद." बेचाळीसही बंद झाल्या. वाडा इतका शांत झाला, की खालच्या आळीतल्या भट्टीचा भाता ऐकू येऊ लागला.

"तुझी भट्टी पेटती राहो, दाजिबा," राजा म्हणाला. "जा घरी."

दाजिबा गेला. राजाचा वाडा राजाकडे राहिला, यक्षिणीचा झरा यक्षिणीकडे, तांबटाचा हातोडा तांबटाकडे. धार थांबली, आणि सांगणाराही थांबला.