गौराक्काची भिंत

सांगलीच्या जुन्या पेठेत भडभुंजे बोळ आहे. बोळाच्या तोंडाशी उभं राहिलं तरी भाजल्या चुरमुऱ्यांचा वास येतो. बोळ जिथं संपतो तिथं कमरेएवढी एक दगडी भिंत आहे, वरून हात फिरून फिरून गुळगुळीत झालेली. सकाळी घराघरातल्या बाया कावळ्याचा घास घेऊन तिथं येतात. कुणी भाकरीचा तुकडा आणते, कुणी मूठभर चुरमुरे, सणावाराला पोळीचा कोपरा. यात नवल काही नाही, कावळ्याला घास सगळीकडंच घालतात. नवल आहे ते पुढं. बाई घास ठेवते आणि भिंतीकडं पाठ करून उभी राहते. मागं पंख वाजतात, नखं दगडावर खरवडतात, तरी कुणी मान वळवत नाही. एखादी नवी भाडेकरीण कौतुकानं बघत राहिली, तर शेजारची तिचा खांदा धरून तिला वळवते. "पाठ कर, बाई," म्हणते, "गौराक्काची भिंत हाय ही." मग घास उचलला जाईपर्यंत तिला गौराक्काची कथा ऐकावी लागते. बोळातली जुनी माणसं ती अशी सांगतात.

गौराक्का या बोळातल्या एका भडभुंज्याच्या घरची थोरली सून. ती लग्न होऊन आली आणि थोड्याच काळात सासूच्या, म्हाळसाबाईच्या अंगावरून वारं गेलं. एक अंग लुळं झालं, जीभ जड झाली. म्हातारीची खाट मागच्या खिडकीशी टाकली. तिचं न्हाणं-धुणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं गौराक्काच्या गळ्यात आलं आणि तिनं ते केलं. लेकरू काही तिला झालं नाही. भट्टीची धग आणि सासूची खाट यातच तिचे केस पिकले. म्हाळसाबाई वाकडं कधी वागली नाही, पण हसलीही नाही. घास आला की तोंड उघडायची, तोंड पुसलं की डोळे मिटायची. वाऱ्यानं तिचं हसू नेलं, असं गौराक्का म्हणायची आणि स्वतःची समजूत काढायची.

मग धाकटा दीर धोंडीबा याचं लग्न झालं आणि पुतळा घरात आली. हातानं हळू, बोलायला गोड. त्या काळी बाईला महिन्याची अडचण आली की 'तिला कावळा शिवला' म्हणायचे आणि तिला मागच्या पायरीवर वेगळं बसवायचे. तिच्याशी बोलायचं ते लांबून, भाकरी टाकायची ती वरून. पुतळाला तिथं करमेना. समोर ही भिंत, भिंतीवर कावळे. ती आपल्या भाकरीतला तुकडा मोडून भिंतीवर ठेवायची आणि हलक्या आवाजात म्हणायची, "या गं बायांनो, मला शिवलाय तुमचा भाऊ, आता तुमाला कसला इटाळ?" आधी कावळे लांबून घेत. मग जवळून घेऊ लागले. मग असं झालं म्हणे, की पुतळा हात पुढं करायची आणि कावळा मनगटावर बसून तळहातावरचे चुरमुरे वेचायचा. अडचण संपून ती घरात आली तरी कावळे तिला सोडेनात. ती पाण्याला निघाली की कौलांवरून तिच्या बरोबरीनं उड्या मारत जायचे.

आणि हे सगळं खिडकीतून बघता बघता म्हाळसाबाई हसली.

गौराक्का तेव्हा तिचे पाय चोळत होती. तिनं ते हसू पाहिलं. वाऱ्यानं काही नेलं नव्हतं. हसू घरातच होतं, फक्त तिच्यासाठी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं ऊन भाकरीला तूप लावलं आणि भिंतीवर ठेवली. कावळे बाजूच्या निंबावर बसून राहिले. पुतळानं शिळा तुकडा आणला, तो उतरून घेतला. बोळातल्या बाया हसल्या. एक म्हणाली, "अक्का, तुमचं तूप कढवायचं ऱ्हायलं वाटतं." गौराक्कानं ते हसण्यावारी नेलं, पण रात्रभर तिला तूपच आठवत राहिलं.

मग एके दिवशी पुतळा माहेरी गेलेली बघून तिनं काय केलं, तर पुतळाचं हिरवं लुगडं नेसलं. पदर तिच्यासारखा डोक्यावरून घेतला आणि भिंतीशी जाऊन आवाज बारीक करून म्हणाली, "या गं बायांनो." कावळ्यांनी मान एकदा या अंगाला केली, एकदा त्या अंगाला केली. तिचं तोंड नीट न्याहाळलं आणि भुर्रकन उडून गेले. लुगड्याला नाही, तोंडाला ओळखतात ते. गौराक्का वळली तर खिडकीत म्हाळसाबाई. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. म्हातारीच्या मनात वाईट काही नसेल. पण इतक्या वर्षांनी गौराक्काच्या वाट्याला जे हसू आलं, ते असं आलं.

लुगडं न बदलताच ती भट्टीशी गेली. कढईतली वाळू चुरमुऱ्यांसाठी तापून लाल झाली होती. तिनं झारा भरला आणि कावळे परत भिंतीवर बसलेले बघून तो त्यांच्यावर भिरकावला. एकच कालवा झाला. सगळे उडाले, एक तेवढा भिंतीखाली पडला. त्याचा उजवा पंख होरपळला होता. फरफटत, धडपडत तो निंबावर चढला आणि तिथून तिच्याकडं बघत राहिला. गौराक्कानं खिडकीकडं पाहिलं. म्हातारी हसायची थांबली होती. ती कुणाला काही सांगू शकणार नव्हती, तिची जीभच जड. पण तिनं पाहिलं होतं.

पुतळा माहेराहून आली तर भिंत रिकामी. तिनं हाका मारल्या, चुरमुरे पसरले. एक कावळा फिरकेना. ती थोरलीला विचारायची, "अक्का, काय झालं असंल वो?" गौराक्का म्हणायची, "पाखराची जात. मिळंल तिकडं जात्यात." तिला बरं वाटायला हवं होतं आणि थोडं वाटलंही. पण म्हातारी आता भरवताना तोंड मिटून घेऊ लागली. खिडकीतून रिकाम्या भिंतीकडं बघत राहायची आणि जड जिभेनं एवढंच म्हणायची, "काऊ?" असं करता करता एका सकाळी ती त्या भिंतीकडं बघतच गेली.

दहाव्याला सगळा बोळ कृष्णेच्या घाटावर गेला. पुतळा मात्र घरी राहिली. नेमका त्याच वेळी तिला कावळा शिवला होता आणि ती मागच्या पायरीवर बसली होती. गौराक्काच्या मनात आलं, बरं झालं. आज म्हातारीला माझ्याच हातचं घ्यावं लागेल. पिंडाचा भात तिनं शिजवला होता. शेजारी म्हाळसाबाईच्या आवडीची खीर आणि ताजे चुरमुरे तिनंच ठेवले. आज कावळा शिवला की इतक्या वर्षांच्या सेवेची साक्ष साऱ्या बोळासमोर निघणार होती.

पिंड ठेवला. कावळे आले, पण पिंपळावर बसले. एकही खाली उतरेना. नुसती कावकाव. गौराक्काच्या नवऱ्यानं हात जोडून सांगितलं, "आई, धोंडीबाला अंतर देणार न्हाई." कावळा उतरला नाही. धोंडीबानं सांगितलं, भट्टी विझू देणार नाही. कावळा उतरला नाही. ऊन डोक्यावर आलं. बाया आपसात कुजबुजू लागल्या, की म्हातारीची आबाळ झालेली दिसते, नाहीतर एवढी अडली नसती. गौराक्काच्या कानात ते तापल्या वाळूसारखं पडत होतं. शेवटी भटजींनी दर्भ काढला आणि त्याचा कावळा वळायला घेतला. खरा कावळा शिवत नाही तेव्हा गवताचा शिववतात. तसं झालं असतं तर गौराक्काच्या सेवेवर कायमचं बोट राहिलं असतं.

ती हात जोडून पुढं झाली. ती पुढं सरकली तशी झाडावरची कावकाव वाढली. मागं सरली, कमी झाली. परत पुढं गेली, परत कालवा. तिनं वर पाहिलं. पानांआड एक कावळा उजवा पंख सैल सोडून बसला होता आणि तिच्या तोंडाकडं बघत होता. बोळाला वाटत होतं म्हातारी अडून बसली आहे. अडवून तर गौराक्काच बसली होती.

ती घाट सोडून गेली असती तरी चाललं असतं. पण मग लोकांनी कारण विचारलं असतं. आणि न जावं, तर म्हातारी उपाशी. गौराक्कानं पिंडाकडं पाठ केली. दहाव्याच्या पिंडाकडं सून पाठ करते, हे कुणी कधी बघितलं नव्हतं. नवरा तिच्या अंगावर ओरडला. ती हलली नाही. पदर तोंडावर ओढून घेतला आणि नदीकडं बघत म्हणाली,

"आत्याबाई, मी बघत न्हाई. तुमी जेवा."

कावकाव थांबली. मग मागं पंख वाजले. सगळा घाट म्हणाला, "शिवला, शिवला." तिच्या सेवेची साक्ष तिच्या पाठीमागं निघाली आणि ती एकटीच अशी होती, जिनं ती पाहिली नाही.

ती घरी आली तेव्हा पुतळा पायरीवर वाट बघत होती. "अक्का, शिवला का? आपल्या भिंतीवरचा हुता का वो?"

"शिवला म्हणत्यात. मी बघितला न्हाई." एवढं बोलून गौराक्का तिच्या शेजारी पायरीवर बसली, तिला चिकटून. विटाळ मानला नाही. मग लुगड्याचं, वाळूचं, पंखाचं सगळं सांगितलं. पुतळा रिकाम्या भिंतीकडं बघत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "लुगडं कंचं नेसला हुता? माझं हिरवं?" आणि रडता रडता हसली.

दुसऱ्या दिवशी दोघी जावांनी आपापला घास भिंतीवर ठेवला. गौराक्कानं पाठ केली. ती बोललीच होती म्हणे, की या जन्मात कावळ्याला पुन्हा तोंड दाखवणार नाही. मागं पंख वाजले. जुना किडा इतक्या लवकर थोडाच मरतो. तिच्यानं राहवेना. तिनं विचारलं, "आला का?"

"आला."

"आधी कुणाचा उचलला?"

पुतळाचा आवाज तिच्या अगदी खांद्याजवळून आला. "कुणास ठावं, अक्का. मी बी पाठच केलीया."

असं सांगतात, की तो कावळा बरा झाला, पण जळल्या जागी त्याला पांढरं पीस आलं. आजही या भिंतीवर एखाद्या कावळ्याच्या पंखात ते पीस दिसतं, असं लांबून बघणारे म्हणतात. बोळातल्या बायांना ते माहीत नाही, त्यांची पाठ असते. अडचणीतली बाई असली तरी तिला इथं कुणी लांब बसवत नाही, तीही ओळीत उभी राहते. आजही जावा-जावा, शेजारणी-शेजारणी घास ठेवून वळतात, पंख वाजले की एक विचारते, "आला का?" आणि दुसरी म्हणते, "आला." आधी कुणाचा घास उचलला, ते कुणी सांगत नाही. घरी परतताना मात्र प्रत्येकीच्या तोंडावर दिसतं, की तो तिचाच होता.