झुंबर कोऱ्या नाण्याचा भाव करतो

भोळी माणसं गावोगाव असतात, पण आमच्या करंजवाडीच्या वाट्याला आला तो झुंबर. भोळा म्हणजे किती? जत्रेत पाळणेवाल्यानं सगळ्यांना बजावलं, "पाळणा थांबल्यावरच उतरायचं." पाळणा थांबला तेव्हा झुंबर सगळ्यात वर होता. त्यानं पाय बाहेर काढला. शेजारी बसलेल्या मुलीनं कॉलर धरून त्याला आत ओढलं, नाहीतर ही गोष्ट इथंच संपली असती.

ती मुलगी सोनगावची शेवंता. खाली आल्यावर तिनं त्याला पाणी पाजलं, आपल्या पुडीतले शेंगदाणे दिले आणि म्हणाली, "सांभाळून जा हं." तेवढ्यावर झुंबर कामातून गेला. घास घशाखाली उतरेना. लग्न करीन तर हिच्याशीच, नाहीतर असाच राहीन, असं त्यानं मामांना सांगून टाकलं. आईबाप लहानपणीच गेलेले. तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान चालवणारे हे मामा आणि मामी, यांनीच त्याला वाढवलेलं.

मामा ऐकून मटकन खाली बसले. कारण शेवंताचा बाप रंगनाथअण्णा. अण्णांना कोऱ्या नाण्यांचं वेड. टाकसाळीत आधी धातूच्या गोल चकत्या पाडतात, मग त्यांच्यावर छाप मारतात. एखादी चकती छाप न खाताच निसटून बाहेर येते. ते कोरं नाणं. दुकानात द्याल तर त्याचा चहासुद्धा मिळणार नाही, पण हौशी माणूस त्याला शेकड्यांनी पैसे मोजतो. शहाण्यांचे छंद असेच असतात, आपण बोलू नये.

तर अण्णांनी सोयरिकीवाल्यांना सांगून ठेवलं होतं, "कोऱ्या नाण्याची रास्त किंमत जो सांगेल त्यालाच पोरगी देईन. ज्याला नाण्याची किंमत कळत नाही, त्याला माझ्या पोरीची काय कळणार?" शिकलीसवरली मुलं येऊन हात हलवत गेली होती.

"मामा, मला शिकवा," झुंबर म्हणाला.

मामांना धातूची थोडी पारख होती. ते म्हणाले, "बरं. पहिली गोष्ट. उलटसुलट करून बघायचं. दोन्ही बाजूंनी कोरं असेल तरच घ्यायचं. आणि तसं मिळालं तर दोन पैसे जास्त द्यायला मागंपुढं बघायचं नाही."

झुंबरनं हे पाठ केलं. दुपारी मामीनं त्याला नवीन कॅलेंडर आणायला बाजारात धाडलं. दुकानदारानं दाखवलेलं प्रत्येक कॅलेंडर त्यानं उलटून बघितलं. सगळ्यांवर छापलेलं. शेवटी तो एक मोठा पांढरा पुठ्ठा घेऊन घरी आला. कॅलेंडरच्या दुप्पट पैसे देऊन.

"हे काय आणलंस?" मामी म्हणाली.

"कॅलेंडर. दोन्ही बाजूंनी कोरं आहे, मामी. वर्षभरात एकसुद्धा उपास नाही."

मामीनं तो पुठ्ठा पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवला. मामा म्हणाले, "अरे बाबा, नुसतं कोरं असून भागत नाही. खरं आहे का ते बघावं लागतं. दगडावर टाकायचं आणि कान द्यायचा. खणकन वाजलं तर खरं."

"असं होय," झुंबर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मामीनं त्याला माठ आणायला पाठवलं. संध्याकाळी तो रिकाम्या हातानं परत आला, पण तोंड हसरं होतं.

"माठ कुठंय?"

"कुंभाराच्या दारात. दगडावर टाकला. काय वाजला म्हणून सांगू, अगदी खरा होता. मग दुसरा टाकला, तोही खरा. मामी, त्या कुंभाराकडं एक माठ खोटा निघाला नाही. माठ संपले म्हणून मी थांबलो."

मामांनी कुंभाराचे उरलेले पैसे भागवले आणि घरी येऊन झुंबरला समोर बसवलं. येत्या रविवारी अण्णांकडं मुलगी बघायला जायचं ठरलं होतं. आता घाई होती.

"नीट ऐक. जपायची वस्तू आपटायची नाही. तिला हातसुद्धा कमी लावायचा. जुन्या नाण्याला धुवायचं नाही, घासायचं नाही, पुसायचं नाही. मळकं असेल तर मळकं. मळ गेला की किंमत गेली."

झुंबर विचारात पडला. शेवंताच्या घरी आपली किंमत कमी होता कामा नये, एवढं त्याला कळत होतं. त्या दिवसापासून त्यानं आंघोळ बंद केली. दात घासणं सोडलं. वाटेत चिखल दिसला की त्यातून जाऊ लागला. शेजारपाजारचे लांबून बोलायला लागले. झुंबरला वाटलं, आता आपला मान वाढलाय.

रविवारी सकाळी मामांनी त्याला जवळून बघितलं आणि नाकाला उपरणं लावलं. मग मामा-मामींनी मिळून त्याला न्हाणीत कोंडलं आणि नारळाच्या शेंडीनं खरवडून काढलं. झुंबर हमसून हमसून रडत होता. "पाडली हो, माझी किंमत पाडली," असं म्हणत होता.

एसटीत मामांनी शेवटची गोष्ट सांगितली. पोरगा आता तरी निभावून नेईल, अशी त्यांना वेडी आशा होती.

"आता भाव कसा करायचा ते ऐक. जी वस्तू मनापासून आवडली तिच्याकडं बघायचंच नाही. तोंड वाकडं करायचं. म्हणायचं, असली ढिगानं पडलीत. समोरचा सांगेल त्याच्या निम्मं सांगायचं. नाही म्हणाला तर उठून चालायला लागायचं."

"मागं बघायचं?"

"अजिबात नाही. तो मागून हाका मारत आला, म्हणजे समजायचं, अजून उतरेल."

अण्णांनी पाहुण्यांना बसवलं आणि पाटावर एक कोरं नाणं ठेवलं. "हे मी बाराशेला घेतलं. बोला, बरोबर घेतलं का?"

झुंबरनं ते उलटसुलट केलं. पायरीच्या दगडावर टाकलं, खणकन वाजलं. त्याच्यावर धूळ बसली होती, ती त्यानं पुसली नाही. अण्णा पुढं सरकून बघायला लागले. नाणं झुंबरला फार आवडलं, कारण ते शेवंताच्या घरातलं होतं. म्हणून त्यानं तोंड वाकडं केलं.

"असली ढिगानं पडलीत. सहाशे."

अण्णांनी मांडीवर थाप मारली. "सहाशेलाच घेतलंय मी. बाराशे मुद्दाम सांगतो. आजवर आलेले सगळे बाराशेलाच मान डोलावून गेले. जावईबापू, पोरगी तुमची."

मामांचे डोळे भरून आले. असं काही होईल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. तेवढ्यात शेवंता पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आली. तिनं झुंबरला ओळखलं आणि ती हसली.

जन्मात झुंबरला कुठलीही गोष्ट इतकी आवडली नव्हती. मग काय करायचं? त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. जमेल तेवढं वाकडं केलं.

"असली ढिगानं पडलीत," तो म्हणाला.

ताटातल्या बश्या वाजल्या. अण्णांना वाटलं, मुलगा थट्टेखोर दिसतोय. ते समजुतीनं म्हणाले, "असं कसं, पाहुणे. आमची एकुलती एक आहे हो."

"एक?" झुंबरनं हिशेब केला. "निम्मी द्या."

"झुंबऱ्या," मामा कसेबसे म्हणाले.

"काय बोलता काय? नाही जमायचं," अण्णा म्हणाले.

झुंबर उठला आणि चालायला लागला. अंगण ओलांडलं, गल्ली ओलांडली. मागून मामांनी हाका मारल्या. तो थांबला नाही. अण्णांनीही मारल्या. तरी थांबला नाही. आत आत त्याचा जीव तुटत होता, पण मान त्यानं सरळ ठेवली. शेवंतासाठी तो आज काहीही करायला तयार होता.

मग शेवंताच धावत आली. सगळ्या गल्लीच्या देखत, लाजलज्जा गुंडाळून. या माणसाला कुठून उतरावं ते कळत नाही, हे तिला जत्रेतच समजलं होतं, आणि तरी तो तिला आवडला होता.

"अहो, थांबा ना," ती मागून म्हणाली. "मला तुम्ही पसंत आहात. आत चला, मी अण्णांना समजावते."

झुंबरचं मन आनंदानं भरून गेलं. मामा म्हणाले होते तस्संच झालं होतं. त्यानं मागं न बघता आवाज दिला.

"आता चतकोर."

शेवंता जागच्या जागी थांबली. तिनं पायातली चप्पल काढली आणि नेम धरून मारली. चप्पल झुंबरच्या पाठीत बसली. शेवंता मागं वळली, घरात गेली, आणि आतून कडी लागल्याचा आवाज झाला.

मामा धापा टाकत पोचले तेव्हा झुंबर ती चप्पल छातीशी धरून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर जग जिंकल्याचं हसू होतं.

"मामा, आले बघा निम्म्यावर," तो म्हणाला. "जोडीतली एक दिली. आता गुपचूप घरी चला. दोन दिवसांत दुसरी घेऊन ती स्वतःच येईल."