आरशाची पेटी आणि धनेशाची ढोली

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव कुणाला आठवत नाही आणि राजाचंही नाही. पण त्या राज्यात छबी उतरवणाऱ्या पेट्या होत्या. एवढ्या जुन्या काळी पेट्या कुठून आल्या, असं कुणी विचारू नये. गोष्टीत हत्ती बोलतात तेव्हा आपण विचारतो का?

राजधानीत एक छबीकार राहत असे. त्याची पेटी काळी आणि जड होती. पुढे भिंग आणि पोटात आरसा. समोरचं दृश्य भिंगातून आत येई, आरशावर पडे आणि तिथून छबीकाराच्या डोळ्याला दिसे. त्यानं कळ दाबली की आरसा झटकन वर उचलला जाई, डोळ्यापुढे क्षणभर अंधार होई आणि पेटी वाजे, खट्ट. म्हणजे ज्या क्षणाची छबी उतरे, नेमका तोच क्षण उतरवणाऱ्याला दिसत नसे. पण याचं कुणालाच काही वाटत नसे, कारण छबी सुरेख येत.

पेटी चांगलीच होती, हे आधी सांगून ठेवतो. गोष्ट पुढे कशीही वळली तरी तिला नावं ठेवायची नाहीत. वीस वर्षं तिनं ऊन आणि धूळ सोसली होती. एकदा उन्हात ठेवून तिच्यात ताकद भरली की आठ दिवस पुरे. दरबारात खट्ट वाजायची वेळ आली की सरदार पाठ ताठ करत, बायका पदर सावरत, आणि वाजून झालं की राजा म्हणे, "झाली." छबीकाराला त्या आवाजाची इतकी सवय झाली, की तो आवाज म्हणजेच आपली कला असं त्याला वाटू लागलं.

पुढे एका परदेशी व्यापाऱ्यानं राजाला नवी पेटी नजर केली आणि राजानं ती छबीकाराला दिली. ही पेटी ओंजळीत मावेल एवढी. तिच्यात आरसाच नव्हता. तिच्या छोट्या खिडकीत छबी कशी येणार ते उतरवण्याआधीच दिसे, अंधुक उजेडातही दिसे, आणि कळ दाबली तरी पेटी हूं की चूं करत नसे. खोड एकच. तिची ताकद अर्ध्या दिवसात संपे.

छबीकारानं दरबारात मान लववून ती घेतली. पण बाहेर चार माणसांनी त्याला गाठलं, तेव्हा त्याची जीभ सैल सुटली. ज्या पेटीला आरसा नाही ती खरं काय दाखवणार, असं तो म्हणाला. आवाज न करता काम उरकणारी पेटी चोराला शोभते, असंही म्हणाला. लोक हसले. लोक हसतात हे पाहून तो आणखी पुढे गेला आणि म्हणाला, की मी जिवंत आहे तोवर ही मुकी पेटी माझ्या हातात कुणाला दिसायची नाही.

घरी येऊन त्यानं ती फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली. खरं सांगायचं तर एकदोनदा दार लावून त्यानं ती वापरून पाहिली होती, आणि त्याला ती आवडलीही होती. पण बोलून बसला होता. माणूस असा बोलून बसला की त्याची पंचाईत होते, आणि काही दिवसांनी त्या पंचाइतीलाच तो तत्त्व म्हणू लागतो.

आता रानाकडे जाऊ. राज्याच्या टोकाला एक जुनं रान होतं. त्यातून एक झरा निघे आणि त्या झऱ्यावर चाळीस घरांचं एक गाव जगे. राजाला जहाजं बांधायची होती, त्यासाठी मोठं लाकूड हवं होतं. लाकूडकोठीच्या कारभाऱ्यानं हे रान दाखवलं आणि पौर्णिमेनंतर तोड सुरू करायचं ठरलं. रान गेलं की झरा आटणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

रान वाचवायला एकच वाट होती. राज्याचा एक पूर्वापार कायदा होता, की ज्या रानात धनेशाची मादी ढोलीत बसली असेल त्या रानाला कुऱ्हाड लावायची नाही. धनेश हा मोठ्या चोचीचा पक्षी. त्याची मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड लिंपून बंद करून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट तेवढी ठेवते. आत तिची पिसं झडतात, तिला उडता येत नाही. नर बाहेरून फळं आणून भरवतो, त्यावर ती जगते आणि पिल्लंही जगतात. जिथे एका जिवानं दुसऱ्यावर एवढा भरवसा टाकला आहे तिथे माणसानं कुऱ्हाड नेऊ नये, असं पूर्वजांना वाटलं असावं.

रीतही ठरलेली होती. नर मादीला भरवतो आहे अशी छबी गावानं आधी दरबारात दाखवायची. मग पौर्णिमेला राजा स्वतः येणार, दिवसभर झाडाखाली बसणार, आपल्या डोळ्यांनी नराला पाहणार आणि झाडाला पिवळं वस्त्र बांधणार. वस्त्र बांधलं की पुढची शंभर वर्षं रानाला भीती नाही.

त्या गावात एक जाणती म्हातारी होती. रानातल्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी बसली आहे, हे तिनं पाहिलं होतं. ती दोन दिवस चालून राजधानीत आली आणि छबीकाराच्या ओसरीवर टेकली. झरा, गाव, कायदा, पौर्णिमा, सगळं तिनं सांगितलं. छबीकार मनाचा भला होता. त्यानं तिला गूळपाणी दिलं आणि आजच निघू म्हणाला.

त्यानं जुनी पेटी पुसायला घेतली आणि सवयीनं एकदा कळ दाबून पाहिली. खट्ट वाजलं. अंगणात दाणे टिपणाऱ्या चिमण्या भुर्रकन उडून गेल्या. म्हातारीनं त्या चिमण्यांकडे पाहिलं.

"दादा," ती म्हणाली, "गुमान काम करणारी पेटी न्हाई का तुमच्यापाशी? नर लई भित्रा असतोय. एकदा दचकला तर परत येईल. दुसऱ्यांदा दचकला तर येत न्हाई."

छबीकाराचे डोळे कपाटाकडे गेले. "एक आहे," तो म्हणाला. "पण तिची ताकद अर्धाच दिवस टिकते. रानात दाट सावली. ती पुन्हा भरायची कुठे?"

"अर्धा दिस लागतोय कशाला? उन्हं शेंड्याला लागली की नर येतो. मी वेळ सांगते. घटकाभराचं काम."

छबीकाराची ती सबब संपली. मग त्यानं नव्या पेटीच्या भिंगाला लांबचं दिसत नाही असं सांगितलं. हे मात्र खरं नव्हतं. तो कपाटाशी जाऊन उभा राहिला, तेवढ्यात दारावरून जाणाऱ्या शेजाऱ्यानं डोकावून विचारलं, की काय हो, मुकी पेटी बाहेर निघाली वाटतं. म्हणाला तो गमतीनं. पण छबीकाराचा हात मागे आला. त्यानं जुनी पेटी खांद्याला लावली आणि तो म्हातारीबरोबर निघाला.

तिसऱ्या दिवशी पहाटे दोघं पाल्याच्या आडोशात बसले होते. समोर बेहडा, त्यावर ढोली, ढोलीला बोटभर रुंद फट. उन्हं शेंड्याला लागली आणि वरून पंखांचा घरघर आवाज आला. नर फांदीवर उतरला. मान झटकून त्यानं गळ्यातलं एक उंबर चोचीच्या टोकाशी आणलं. फटीतून मादीची चोच बाहेर आली.

छबीकारानं कळ दाबली. खट्ट.

निवांत रानात तो आवाज वाळकी फांदी मोडावी तसा झाला. छबीकाराच्या डोळ्यापुढे अंधार होता. आरसा खाली आला तेव्हा फांदी रिकामी होती, उंबर जमिनीवर पडलं होतं आणि फटीतली चोच नुसतीच उघडझाप करत होती.

पेटीच्या पाठीवर छबी उमटली होती. दोन चोची आणि त्यांच्यामध्ये उंबर. एवढी सुंदर छबी त्यानं आयुष्यात उतरवली नव्हती. फक्त नराच्या पंखाचं टोक कडेला कापलं गेलं होतं. दरबारात ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं. छबीकाराच्या आलं.

दुपार कलल्यावर नर परत आला. आधी तो लांबच्या झाडावर बसला. कितीतरी वेळ बसला. मग भीतभीत ढोलीशी आला. छबीकारानं पेटी उचलली तसा म्हातारीनं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"बास झालं, दादा. कामापुरती मिळाली."

छबीकारानं तिचा हात हळूच बाजूला केला. "आजी, ही छबी माझ्या नावानं दरबारात जायची आहे," तो कुजबुजला, आणि त्यानं कळ दाबली.

ही छबी निर्दोष आली. पंखाचं पीस न् पीस मोजून घ्यावं अशी. छबीकार त्याच संध्याकाळी राजधानीकडे निघाला. दरबारात ती हातोहात फिरली आणि राजानं पौर्णिमेला येतो असा शब्द दिला. आठवडाभर राजधानीत दुसरा विषय नव्हता. छबीकाराच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

इकडे रानात नर परत आला नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. फटीतून चोच बाहेर येई, वाट पाही आणि आत जाई. गावकऱ्यांनी लांब बांबूला उंबरं बांधून फटीशी धरली. पण बांबूला पाहून ती चोच आत ओढून घेई. म्हातारी झाडाखालून हलली नाही. आठव्या दिवशी चोच दिसली नाही.

पौर्णिमेला राजा आला. बरोबर कारभारी होता, पिवळं वस्त्र होतं, छबी होती आणि नवा अंगरखा घातलेला छबीकार होता. गावकरी गप्प का आहेत, हे त्याला कळेना. राजा झाडाखाली बसला. सकाळ गेली, दुपार गेली. संध्याकाळी गावातला एक जण वर चढला, त्यानं ढोलीत वाकून पाहिलं आणि वरूनच मान हलवली.

काय घडलं ते राजानं म्हातारीला विचारलं. तिनं खोटं सांगितलं नाही आणि आरोपही केला नाही. पेटी दोनदा वाजली आणि नर गेला, एवढंच म्हणाली.

राजा छबीकाराकडे वळला. "न वाजणारी पेटी मी तुम्हाला दिली होती. ती कुठे आहे?"

"घरी आहे, महाराज. कपाटात."

"बिघडली होती का?"

"नाही, महाराज."

"मग ती का आणली नाहीत?"

छबीकाराला पुष्कळ उत्तरं येत होती. भिंगाचं होतं, ताकदीचं होतं, आरशाचं होतं. पण त्या झाडाखाली त्यातलं एकही त्याच्या तोंडातून निघेना. "ती हातात घेतली असती तर लोक हसले असते," तो म्हणाला आणि रडू लागला.

राजाचेही डोळे भरून आले. तरी तो उठला आणि पिवळं वस्त्र त्यानं घडी करून परत ठेवायला दिलं. "कायदा पाखरासाठी आहे, छबीसाठी नाही," तो म्हणाला. "आज नुसत्या छबीवर रान सोडलं, तर उद्या कुणीही छबी घेऊन येईल." कारभारीसुद्धा त्या वेळी मान खाली घालून उभा होता.

सगळे निघाले तेव्हा म्हातारी छबीकारापाशी आली. "ती छबी मला एकदा बघू द्या," ती म्हणाली. त्यानं दिली. तिनं ती बराच वेळ दोन्ही हातांत धरली, मादीच्या चोचीवरून बोट फिरवलं आणि परत दिली. "त्या येळेला तिला वाटलं असंल, आलं खायाला," एवढंच ती म्हणाली.

रान तुटलं. पुढच्या उन्हाळ्यात झरा आटला. चाळीस घरांनी आपापली बोचकी बांधली आणि जिकडे पाणी तिकडे ती पांगली. म्हातारी कुठे गेली ते कुणाला ठाऊक नाही. छबी दरबारात लागली. येणारेजाणारे तिच्यापुढे थांबत आणि किती जिवंत आहे म्हणत. ते ऐकलं की छबीकार तिथून उठून जाई.

त्यानं जुनी पेटी टाकली नाही. लग्नात, दरबारात, भर उन्हात तो तीच नेत असे. पण कुणी निजलेलं असेल, कुणी दुःखात असेल, कुठे घरटं असेल, तर तो कपाट उघडी आणि नवी पेटी घेऊन चारचौघांतून चालत जाई. पहिल्यांदा ती त्याच्या हातात दिसली तेव्हा लोक हसले. दोन दिवस हसले आणि विसरले. ज्या हसण्याला भिऊन त्यानं एक रान घालवलं, ते हसणं दोन दिवसांचं होतं.

बोध: साधन निवडताना आपल्या नावाला काय शोभेल ते पाहू नये, समोरच्या जिवाला काय सोसेल ते पाहावं.