राणीच्या गच्चीतली रुई

पूर्वी वेत्रनगरात उग्रतेज नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी त्याच्या अमात्याच्या रूपाने जन्म घेतला होता. त्या जन्मी त्यांचे नाव अनुरक्षित होते आणि नगरातला न्यायनिवाडा त्यांच्याकडे होता.

उग्रतेजाचा पिता शिकारीला गेला असता झुडपाआडून आलेल्या एका बाणाने मारला गेला होता. तो बाण कोणी सोडला हे कधीच उघडकीला आले नाही. त्यामुळे उग्रतेज सिंहासनावर बसला तो आपली भीती बरोबर घेऊनच. इतरांना जिथे करवंदाची जाळी दिसे, तिथे त्याला ताणलेले धनुष्य दिसे. त्याने पहिली आज्ञा दिली, "तटावरून सोडलेला बाण जिथे पडतो, तिथपर्यंत एकही झुडूप उरता कामा नये." मग रुई, तरवड, बोरी, एरंड, सगळे मुळासकट खणून काढले गेले. उन्हाळ्यात गवत जाळले. पुढच्या वर्षी राजाच्या मनात आले, शत्रूचा बाण आपल्या बाणापेक्षा लांब जात असेल तर? मोकळी जमीन दुप्पट झाली. राजबागेचे हिरवे कुंपणही तोडले गेले. फुलांचे ताटवे तेवढे राहिले, कारण ते गुडघ्याहून उंच वाढत नव्हते आणि त्यांच्यामागे कोणाला लपता येत नव्हते.

वेत्रनगरात एक जुनी चाल होती. शरदाच्या पौर्णिमेला सकाळी राजाने गळ्यात ताज्या फुलांचा हार घालून बागेतल्या शिळेवर उभे राहायचे. एखादे फुलपाखरू येऊन हारावर बसले की लोक म्हणत, "राज्य बसले," आणि ढोल वाजू लागत. उग्रतेजाच्या पहिल्या वर्षी त्याच्या हारावर इतकी फुलपाखरे आली की त्याला शिंक आली. त्यानंतर ती दर वर्षी कमी होत गेली. गेल्या वर्षी त्याला दुपारपर्यंत उन्हात उभे राहावे लागले, तेव्हा कुठे एक फाटक्या पंखांचे फुलपाखरू आले. लोकांनी घोष केला, पण तो उशिरा आणि जरा जपूनच केला.

या वर्षी पौर्णिमा जवळ येऊ लागली तरी बागेत एकही पंख हलेना. फुले मात्र पूर्वीइतकीच टवटवीत होती.

राजाने सेनापती कर्कटाला बोलावले.

"कोणीतरी माझ्या फुलांत विष घातले आहे," तो म्हणाला. "पौर्णिमेला माझा हार रिकामा राहावा, लोकांनी मला नालायक ठरवावे, असा हा डाव आहे."

"मलाही तसेच वाटत होते," कर्कट म्हणाला. राजाला जे वाटे, ते कर्कटाला नेहमी आधीपासून वाटत असे.

बागेभोवती पहारा बसला. पहारेकऱ्यांवर नजर ठेवायला दुसरे पहारेकरी आले. राजाचे अन्न चाखणारा नंदुक नावाचा सेवक होता, त्याला ताटव्यात बसवून एकेक फूल चोखायला लावले.

"जन्मभर राजाचे ताट चाखले," नंदुक माळ्याला म्हणाला, "आता फुलपाखरांचे चाखतो. बढती म्हणायची की काय?"

"हळू बोल," माळी म्हणाला. "तो मागचा शिपाई मान डोलावतोय. हसतोय की ध्यानात ठेवतोय, कळत नाही."

फुलांत विष सापडले नाही. पण संशयाला एकदा पाय फुटले की तो रिकाम्या हाताने परत येत नाही. तो राणीच्या महालापर्यंत गेला.

राणी कुवलया शेजारच्या डोंगरी राज्यातली होती. त्या राज्याशी वेत्रनगराचे जुने वैर होते आणि ते मिटावे म्हणूनच हा विवाह झाला होता. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात तिने राजाला म्हटले होते, "आर्यपुत्र, झुडपे तोडू नका. त्यांत जीव असतात."

राजाने विचारले होते, "तटाजवळ झुडपे हवीत असे तुला का वाटते?"

त्या दिवसापासून ती या विषयावर पुन्हा बोलली नव्हती. आणि ती बोलत नाही, हेही राजाने ध्यानात ठेवले होते.

आता तिच्या एका वस्त्रावर तपकिरी डाग सापडले. धोब्याने कर्कटाला सांगितले, हे रुईच्या चिकाचे डाग आहेत, धुऊन जात नाहीत. नगरात रुईचे एकही झाड उरले नसताना राणीच्या वस्त्रावर चीक आला कुठून? कर्कटाने महाल धुंडाळला. राणीच्या दालनाला लागून असलेल्या गच्चीत, वाळ्याच्या पडद्यामागे, मातीच्या कुंडीत रुईचे एक रोप उभे होते. रोपाची पाने कुरतडलेली होती.

"रुईचा चीक म्हणजे विष," कर्कट राजाला म्हणाला. "पाने कमी झाली आहेत. ती कुठे गेली? नंदुकाला चीक चाखायला सांगितले, तर म्हणतो, सेनापती, आधी तुम्ही."

राजा राणीपुढे जाऊन उभा राहिला. "हे कशासाठी?"

"पौर्णिमेपर्यंत थांबा," राणी म्हणाली. "मग आपोआप कळेल."

"पौर्णिमेला काय होणार आहे?"

राणी गप्प राहिली. झुडपांच्या बाजूने एक शब्द बोलल्याने काय झाले होते, हे तिला आठवत होते. राजाला वाटले, हे मौन म्हणजेच कबुली. त्याने तिला तिच्या दालनात कोंडले आणि प्रकरण अनुरक्षितांकडे सोपवले. राजद्रोहाला वेत्रनगरात एकच शिक्षा होती.

निवाड्याआधी कर्कट अनुरक्षितांच्या घरी आला. "अमात्य, तुमचे काम सोपे आहे. निर्णय तर झालेलाच आहे, तो तुमच्या तोंडून यायला हवा इतकेच. महामात्यपद रिकामे आहे. राणीला आंदण मिळालेली गावेही आता रिकामी होतील. महाराज कृतघ्न नाहीत."

"सेनापती," अनुरक्षित म्हणाले, "कुंडी पाहिली का तुम्ही?"

"पाहिली म्हणजे? मीच शोधली."

"शोधलीत खरी," एवढेच अनुरक्षित म्हणाले.

ते स्वतः गच्चीत गेले. खरे सांगायचे तर त्यांच्याही मनात राणीविषयी शंका होती. इतके डाग, इतके मौन, माहेर शत्रूचे. म्हणून त्यांनी मनाशी ठरवले, शंका आहे तर नीट पाहावे. ते रोपापाशी खाली बसले. पाने उलटी करून पाहिली. कुरतडलेल्या कडा सुरीच्या नव्हत्या. एका पानाखाली काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्यांची, डोक्यावर शिंगे असल्यासारखी एक अळी पान खात होती. ती सावकाश, मन लावून खात होती, आणि तिला राजद्रोहाची काही कल्पना नव्हती.

अनुरक्षितांनी मान वर केली. गच्चीतून तटाबाहेरची जमीन दिसत होती. क्षितिजापर्यंत काळी, जळलेली आणि सुरक्षित.

त्यांना सगळे उमगले. पण हेही उमगले की आपण हे राजाला सांगितले, तर तो विचारील, अमात्यांना झुडपे का हवीत?

इतक्यात राजाच काठी घेऊन कुंडी फोडायला आला. अनुरक्षित कुंडीसमोर उभे राहिले.

"बाजूला व्हा, अमात्य. की तुम्हीही त्यांच्यातलेच?"

"महाराज, कुंडी फोडली तर पुरावा फुटेल. राणीचा डाव पौर्णिमेला उघड व्हायचा आहे. तोवर या कुंडीवर पहारा ठेवा."

"कोणाचा पहारा? शिपाई विकले जातात. दासी तिच्या आहेत. कर्कटही..." राजा थांबला. दारात उभ्या असलेल्या कर्कटाचा चेहरा पडला.

"मग आपण स्वतः बसा," अनुरक्षित म्हणाले. "ज्याचा कोणावरही विश्वास नाही, त्याच्यासारखा पहारेकरी नाही. आणि पौर्णिमेला राणी अपराधी ठरली, तर तिच्या शेजारी मला उभे करा."

राजाला हे पटले. त्याने गच्चीत आसन मांडले. दाराच्या जाळीआड राणी कोंडलेली होती, जाळीबाहेर राजा बसला होता, आणि दोघांच्या मध्ये रुई होती. तो जेवणही तिथेच घेऊ लागला. राणीचा हात कधी कुंडीकडे येतो, याची तो वाट पाहत होता. हात काही आला नाही. मग पाहायला अळीच तेवढी उरली.

"किती खाते ही!" एकदा त्याच्या तोंडून निघून गेले.

"तुमच्या सैन्याइतकी," जाळीआडून उत्तर आले.

"माझ्याशी बोलायचे नाही."

"बरे."

दुसऱ्या दिवशी अळीने खाणे सोडले. ती कुंडीच्या काठाखाली गेली आणि उलटी लटकून स्तब्ध राहिली. राजा वाकून वाकून पाहू लागला. शेवटी न राहवून म्हणाला, "मेली का?"

जाळीआड शांतता होती.

"तुला विचारतोय."

"बोलायचे नाही ना?" राणी म्हणाली. मग हळूच म्हणाली, "मेली नाही. पाहत राहा."

पण नेमकी त्याला जेवल्यावर डुलकी लागली. जागा होऊन पाहतो तो अळी नाही. तिच्या जागी हिरवा, गुळगुळीत, सोन्याचे ठिपके असलेला एक मणी टांगलेला! राजाने आरडाओरडा करून अनुरक्षितांना बोलावले.

"अळी चोरीला गेली! कोणीतरी तिच्या जागी हा दागिना लटकावला आहे. राणीच्या माहेरचा असणार!"

"महाराज, पहाऱ्यावर कोण होते?"

"मीच होतो."

"दाराला कुलूप होते?"

"होते. किल्ली माझ्या कमरेला आहे."

"मग संशय कोणावर घ्यायचा?"

राजा बोलायला गेला आणि त्याला नाव सापडेना. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला नाव सापडत नव्हते. तो पुन्हा आसनावर बसला, आणि आता त्याने राणीच्या हाताकडे पाहणे सोडून दिले.

दिवस गेले. पौर्णिमेच्या सकाळी त्या मण्याचे कवच काचेसारखे झाले. आतून केशरी रंग दिसू लागला. मग कवच तडकले आणि ओल्या, चुरगळलेल्या पंखांचा एक जीव बाहेर येऊन कवचाला लटकला. राजाने नकळत बोट पुढे केले. तो जीव बोटावर चढला. राजाने श्वास रोखून धरला. हळूहळू पंख ताठ झाले. केशरी पंख, काळी कड, टोकाला पांढरे ठिपके. अशीच फुलपाखरे त्याच्या पहिल्या वर्षी हारावर आली होती.

"अशा अळ्या तटाखाली खूप होत्या," राजा म्हणाला. "झुडपे खणताना माझ्या पायाखालीही आल्या होत्या. मला वाटले, घाण आहे."

"महाराज शत्रू जाळत होते," अनुरक्षित म्हणाले. "शत्रू तिथे नव्हता. जे होते ते जळले."

राजाने किल्ली काढून जाळीचे दार उघडले. "तू मला सांगितले का नाहीस?"

"सांगितले होते," राणी म्हणाली. "पहिल्या उन्हाळ्यात. मग ठरवले, सांगणे पुरे. पौर्णिमेला तुमच्या हारावर एक तरी यावे, म्हणून या वर्षी खणणाऱ्यांच्या मागून हे रोप अळीसकट उचलून आणले. एवढाच माझा डाव."

तेवढ्यात कर्कट धावत आला. बागेत लोक जमले होते. त्याने राजाच्या बोटाकडे पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला. "उत्तम! डबीत घालून नेऊ. हारावर मध लावून ठेवतो, उडणार नाही. लोकांना काय कळते!"

राजाने बोट उंच केले. फुलपाखरू उडाले. बागेतल्या टवटवीत फुलांवरून ते तसेच पुढे गेले, तट ओलांडून जळलेल्या जमिनीवर पोचले, कुठे उतरावे ते न कळून बराच वेळ घिरट्या घालत राहिले आणि दिसेनासे झाले.

त्या दिवशी राजा उग्रतेज रिकामा हार घालून लोकांपुढे उभा राहिला. "फुलपाखरे कोणी मारली, त्याचा शोध लागला आहे," तो म्हणाला. "मी मारली." ढोल वाजले नाहीत. लोक गुपचूप घरी गेले. काहींना वाटले, यातही राजाचा काही डाव असेल. ज्याने वर्षानुवर्षे संशय पेरला, त्याला पहिले पीक तेच मिळते.

पण राजाने झुडपे तोडणे थांबवले. गवत जाळू दिले नाही. राणीच्या कुंडीतली रुई तटाबाहेर नेऊन लावली, तिच्या माहेराहून रुईचे बी मागवले. झुडपे माणसाच्या उंचीची झाली तेव्हा कर्कट म्हणाला, "महाराज, यांत आता कोणीही लपेल."

"लपू दे," राजा म्हणाला. "बरेच जण लपायची वाट पाहत होते."

पुढच्या शरदात हार पुन्हा रिकामा राहिला. त्याच्या पुढच्या शरदातही. मग एका पौर्णिमेला राजा शिळेवर उभा असताना तटाच्या बाजूने एक केशरी फुलपाखरू आले. राजाच्या हाराभोवती फिरले. आणि जाऊन बसले कर्कटाच्या भाल्याच्या टोकावर. लोक आधी दचकले, मग नंदुक हसला, मग राणी, मग राजा, आणि मग सगळी बाग. कर्कट मात्र दुपारपर्यंत भाला तसाच उभा धरून, जराही न हलता, घाम गाळीत उभा राहिला.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा वेळुवनात सांगितली. तिथे एका भिक्षूने, शेजारचा भिक्षू आपल्यावर पाळत ठेवतो या शंकेने, आपल्या कुटीभोवतीची सगळी झुडपे विळ्याने साफ केली होती. शास्त्यांनी पूर्वजन्माचा मेळ घातला तो असा: तेव्हाचा राजा म्हणजे आज हातात विळा धरलेला हा भिक्षू. कर्कट म्हणजे त्याला विळा आणून देणारा त्याचा मित्र. राणी कुवलया म्हणजे आजची भिक्षुणी क्षेमवती. आणि अमात्य अनुरक्षित म्हणजे मीच.

"आणि ते फुलपाखरू, भंते?" कोणीतरी विचारले.

"ते फुलपाखरूच होते," शास्ते म्हणाले. "जपायला तेवढे कारण पुरे असते."

या कथेत बोधिसत्त्वांनी आचरलेला गुण प्रज्ञा हा होय: शंका आली, तर काठी उगारण्याआधी खाली बसून, पान उलटून, शेवटपर्यंत पाहणे.