रिकामा रकाना

“आता तरी नाव बांधून ठेवायला सांगू ना, बुवा?” हृषीकेशने स्क्रीनवरून नजरही न काढता विचारलं.

धरणाचे दरवाजे उघडणार असल्याचा भोंगा होऊन गेला होता. मठासमोरची नदी गढूळ होऊन चढत होती. नदीतल्या बेटावरच्या देवळात सकाळपासून लोकांची नावेने ये-जा चालू होती.

“सगळे परतले?” अच्युतबुवांनी विचारलं.

“सगळे. एसक्यूएलला विचारलंय मी.” संगणकातल्या नोंदींना प्रश्न विचारायची ही भाषा शिकून त्याला जेमतेम महिना झाला होता. उथळ पाण्याला खळखळाट फार! “कोष्टक यात्रेकरूंचं, रकाना ‘परतले’चा. अट घातली, उत्तर ‘हो’पेक्षा वेगळं असेल ती नावं दे. एकही नाव आलं नाही.”

बुवा उठले. ओसरीत दाटीवाटीने बसलेल्या लोकांसमोर जाऊन ओरडले, “जे परत आले नाहीत, त्यांनी हात वर करा!”

लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी फिसकन हसलं. हात एकही वर झाला नाही.

“झालं,” बुवा म्हणाले. “बांध नाव.”

हृषीकेश हसायला गेला... आणि झटकन पुन्हा स्क्रीनकडे वळला.

ज्यांच्यापुढे कुणी काही लिहिलंच नव्हतं, त्यांचं उत्तरच नव्हतं. मग ते ‘हो’पेक्षा वेगळं तरी कसं निघणार? घाईघाईने त्याने अट बदलली: रकाना रिकामा असेल, ती नावं दे.

नावं उमटली. वरची दोन वाचूनच तो ओरडला, “सगुणा घोलप! आणि तिची सासू!”

बुवांनी नावाड्याला हाक मारली आणि त्याच्याबरोबर स्वतःही नावेत चढले. हृषीकेश काठावर हात जोडून उभा राहिला. मठात येऊन वर्ष झालं, पण देवाचा धावा त्याने आज पहिल्यांदा केला.

नाव परतली तेव्हा देवळाच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या. सासू थरथरत होती, सून रडत होती. पण दोघी होत्या.

त्याने दोघींपुढे ‘हो’ लिहिलं. खाली आणखी एक नाव होतं. मघाच्या घाईत ते वाचायचंच राहिलं होतं. आता त्याने ते वाचलं.

त्याचं स्वतःचं. पहाटे फुलं घेऊन तोही बेटावर गेला होता. आल्यावर आपली नोंद करायची त्याला गरज वाटली नव्हती.

“बुवा, हे तर माझंच नाव! पण मी इथेच आहे की!”

बुवा ओलं उपरणं पिळत होते. त्यांनी मान वर केली.

“कशावरून?”